गुणपत्रिका वाचायची कशी?

बारावीचा निकाल दुपारी एक वाजता ऑनलाइन लागतो, आणि पुढच्या तासाभरात वांगीपासून नेवरीपर्यंत आणि देवराष्ट्र्यापासून शाळगावपर्यंत कडेगाव तालुक्यातल्या घराघरांत एकच प्रश्न फिरू लागतो : किती पडले? उत्तर एका आकड्यात येतं. अठ्ठ्याहत्तर, एकसष्ट, पन्नास. त्या आकड्यावरून पेढे येतात, नाहीतर घरात बोलणं थांबतं. दोन वर्षांचं शिक्षण, सहा विषय, तोंडी, प्रकल्प, प्रात्यक्षिकं असं सगळं त्या एका टक्केवारीत बसवून आपण मोकळे होतो.

गुणपत्रिकेवर सर्वांत कमी माहिती देणारी ओळ हीच टक्केवारीची असते. बारावीचं प्रमाणपत्र कसं तयार होतं, गुण कुठून येतात, ते कुठे चालतात आणि कुठे चालत नाहीत, हे सगळं समोर ठेवलं की ही गोष्ट स्पष्ट होते. हा आढावा त्यासाठीच आहे. कडेगावसारख्या तालुक्यात याची गरज शहरापेक्षा जास्त आहे. शहरातल्या मुलाला समुपदेशक मिळतो, ओळखीतला कुणी प्राध्यापक असतो. इथल्या पुष्कळ घरांत मात्र बारावीचा कागद पहिल्यांदाच येतो आणि तो कसा वाचायचा हे सांगणारं कुणी नसतं.

कागद कोण देतं?

मॅट्रिकची परंपरा आपल्याकडे मुंबई विद्यापीठापासूनची. विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं आणि १८५९ मध्ये पहिली प्रवेश परीक्षा झाली. उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत महादेव गोविंद रानडे होते. विद्यापीठात कुणाला घ्यायचं एवढंच ठरवण्यासाठी ही परीक्षा होती. शाळेत मूल काय शिकलं हे सांगणं तिचं काम नव्हतं. हा निवडीचा संस्कार आपल्या शालान्त परीक्षांवर आजही आहे.

राज्यनिर्मितीनंतर १९६५ चा कायदा आला आणि त्यातून आजचं राज्य शिक्षण मंडळ उभं राहिलं. कोठारी आयोगाने (१९६४–६६) १०+२+३ हा आकृतिबंध सुचवला. सत्तरच्या दशकाच्या मध्यात महाराष्ट्रात जुनी अकरावीची मॅट्रिक गेली, दहावीला एसएससी आणि बारावीला एचएससी अशी दोन प्रमाणपत्रं आली. आज मंडळाचं मुख्यालय पुण्यात असून नऊ विभागीय मंडळं आहेत. कडेगाव कोल्हापूर विभागात येतं. सांगली, सातारा आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे मिळून हा विभाग होतो. बारावीनंतर याच तीन जिल्ह्यांची मुलं शिवाजी विद्यापीठाच्या महाविद्यालयांत जातात, त्यामुळे एकाच पट्ट्यात मुलाचं शालेय आणि पदवीचं शिक्षण पार पडू शकतं.

पूर्वी खानापूर तालुक्याचा भाग असलेल्या या परिसरात ही सोय सहज आलेली नाही. देवराष्ट्र्यात जन्मलेल्या यशवंतराव चव्हाणांना मॅट्रिकसाठी कराडच्या टिळक हायस्कुलात जावं लागलं होतं. सोनसळच्या पतंगराव कदमांनी १९६४ मध्ये पुण्यात भारती विद्यापीठ स्थापन केलं, आणि पुढे त्याच संस्थेचं मातोश्री बयाबाई श्रीपतराव कदम कन्या महाविद्यालय कडेगावात उभं राहिलं. ज्या मुलींचं शिक्षण एसटीच्या वेळापत्रकावर आणि घरच्यांच्या काळजीवर थांबत होतं, त्यांच्यासाठी गावाजवळच्या अशा संस्थेचं मोल मोठं आहे. २०२५ च्या बारावीत राज्यात मुलींचा निकाल ९४.५८ टक्के लागला, मुलांचा ८९.५१. संधी जवळ आली की मुली काय करतात, हे या फरकातून दिसतं.

सहाशे गुण कुठून येतात?

बारावीला सहा विषय असतात आणि एकूण सहाशे गुण. इंग्रजी सक्तीची. बाकीचे विषय शाखेप्रमाणे. भाषा, इतिहास, अर्थशास्त्र, पुस्तपालन, गणित अशा विषयांना ८० गुण लेखी आणि २० गुण तोंडी, प्रकल्प किंवा प्रात्यक्षिकाचे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्राला ७० लेखी आणि ३० प्रात्यक्षिक. बायफोकल, म्हणजे व्यवसायाभिमुख, विषय २०० गुणांचा असतो आणि तो दोन विषयांची जागा घेतो. पर्यावरण आणि आरोग्य-शारीरिक शिक्षण यांना गुण नसतात, फक्त श्रेणी मिळते.

प्रत्येक विषयात शंभरपैकी किमान ३५ हवेत. एकूण टक्केवारी ७५ किंवा अधिक असेल तर विशेष प्रावीण्य, ६० पासून प्रथम श्रेणी, ४५ पासून द्वितीय श्रेणी आणि ३५ पासून उत्तीर्ण. महाराष्ट्रात श्रेणी म्हणजे एवढ्या चार पायऱ्या. साठ आणि चौऱ्याहत्तर एकाच पायरीवर, आणि एकोणसाठ मात्र खालच्या. ही विभागणी सोयीची आहे, पण ती ज्ञानाचं मोजमाप नाही.

दहावी आणि बारावीच्या टक्क्यांची तुलना करताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. दहावीला २०१० पासून बेस्ट ऑफ फाइव्ह आहे. सहांपैकी उत्तम पाच विषय धरून टक्केवारी काढली जाते आणि सर्वांत कमी गुणांचा विषय हिशेबातून जातो. बारावीला सहाच्या सहा विषय मोजले जातात. दहावीला ८८ पडलेल्या मुलाला बारावीला ७० पडले, की ‘पोरगं वाया गेलं’ असं घरात बोललं जातं. पण ही दोन गणितंच वेगळी आहेत. अभ्यासक्रमाची उंचीही वेगळी आहे. अठरा टक्क्यांची सगळी घसरण मुलाच्या माथी मारणं अन्यायाचं आहे.

उत्तरपत्रिका तपासण्याची व्यवस्था मात्र काळजीने बांधलेली आहे. प्रश्नपत्रिकांची पाकिटं परिरक्षकांच्या ताब्यातून केंद्रावर जातात. बैठक क्रमांकाचा भाग होलोक्राफ्ट स्टिकरखाली झाकला जातो आणि बारकोडवर काम चालतं, म्हणजे पेपर कुणाचा हे परीक्षकाला कळत नाही. मुख्य नियामक नमुना उत्तरं आणि गुणदानाची योजना ठरवतात, परीक्षक तपासतात, नियामक त्यातले काही पेपर पुन्हा तपासून हात फार सैल किंवा फार कडक नाही ना हे पाहतात. २०२५ मध्ये राज्यातून सुमारे १४ लाख १८ हजार नियमित विद्यार्थी बसले होते. एवढ्या पेपरांचं काम काही आठवड्यांत उरकायचं तर चुका राहणारच. म्हणूनच दाद मागण्याची सोय व्यवस्थेतच आहे. तिच्याकडे पुढे वळू.

वीस गुणांची गोष्ट

लेखी गुण बाहेरच्या परीक्षकाच्या हातात असतात, तोंडी आणि प्रकल्पाचे बहुतांशी कॉलेजच्या. या वीस-तीस गुणांचं वजन किती, हे दहावीच्या एका प्रयोगाने राज्याला दाखवून दिलं. २०१८ मध्ये दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ च्या परीक्षेला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत २० गुण काढून घेतले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत दिले आणि निकाल ९५.३० टक्क्यांवर गेला. २०२० मध्ये कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, नवा अभ्यासक्रमही नुकताच आला होता, म्हणून सगळा फरक या वीस गुणांचाच म्हणता येणार नाही. पण मोठा वाटा त्यांचा होता, यात शंका नाही.

यातून दोन टोकाचे निष्कर्ष काढले गेले. अंतर्गत गुण म्हणजे खिरापत, ते काढून टाका, असं एका बाजूने म्हटलं गेलं. दुसरीकडे, इतर मंडळं देतात तर आपली मुलं मागे का ठेवायची, असा सूर होता. मला दोन्ही अपुरे वाटतात. तोंडी परीक्षेत मूल बोलतं, प्रकल्पात ते गावात जाऊन माहिती गोळा करतं, प्रयोगशाळेत हाताने काम करतं. तीन तासांच्या पेपरात यातलं काहीच मोजता येत नाही. कडेगावच्या मुलाने टेंभू किंवा ताकारी योजनेच्या पाण्याने आपल्या गावातलं पीक कसं बदललं यावर भूगोलाचा प्रकल्प मन लावून केला, तर तो वीस गुणांपेक्षा जास्त शिकवून जाईल. दुखणं असं की वर्गातल्या सगळ्यांना अठरा-एकोणीस गुण सरसकट दिले जातात. तसं झालं की खरं काम करणाऱ्या मुलाला त्या कामाचं काहीच मिळत नाही, आणि बाहेरचं जग त्या वीस गुणांवरचा विश्वास काढून घेतं.

२०२१ ची तुकडी हा या प्रश्नाचा सर्वांत मोठा धडा. कोरोनात बारावीची परीक्षाच झाली नाही. दहावीच्या उत्तम तीन विषयांचे ३० टक्के, अकरावीचे ३० टक्के आणि बारावीच्या अंतर्गत कामाचे ४० टक्के धरून निकाल लावला गेला आणि तो ९९.६३ टक्के लागला. ‘कोरोना बॅच’ म्हणून त्या मुलांना हिणवलं गेलं. दोष त्यांचा नव्हता. वर्षभराच्या मूल्यमापनाची नोंद आपण कधी प्रामाणिकपणे ठेवलीच नव्हती, म्हणून गरज पडली तेव्हा तिच्यावर कुणाचा विश्वास बसला नाही.

टक्केवारी कुठे चालते?

विज्ञान शाखेच्या मुलांसाठी बारावीची टक्केवारी आता बहुतेक वेळा फक्त उंबरठा आहे. इंजिनिअरिंगला ठरावीक तीन विषय मिळून खुल्या गटासाठी ४५ आणि राखीव गटासाठी ४० टक्के पुरतात, पुढचं सगळं एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाइलवर. वैद्यकीयसाठी भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून ५० टक्के, राखीव गटाला ४०, आणि मग नीट. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ९० पर्सेंटाइल म्हणजे बसलेल्यांपैकी ९० टक्के मुलं तुमच्याइतक्या किंवा तुमच्या खालच्या गुणांवर आहेत, एवढाच अर्थ. तुम्हाला शंभरपैकी किती आलं, हे तो आकडा सांगत नाही. निकालानंतर या दोन आकड्यांची गल्लत होऊन कितीतरी घरांत खोट्या आशा आणि खोट्या निराशा निर्माण होतात.

निवड सीईटी-नीटकडे गेल्याचा परिणाम वर्गात दिसतो. प्रवेश कॉलेजात, शिकणं अकॅडमीत, असा प्रकार वाढला. तो रोखण्यासाठी शासनाने २०१८ मध्ये विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांना बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. पण अंगठा उमटवून वर्गात मन बसत नाही. अकॅडमीची फी परवडत नाही असं शेतकऱ्याचं मूल कॉलेजच्या वर्गावरच अवलंबून असतं. वर्ग ओस पडला तर पहिला फटका त्याला बसतो.

कला शाखेची गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची. २०२५ मध्ये विज्ञान शाखेचा निकाल ९७.३५ टक्के, वाणिज्यचा ९२.६८ आणि कलेचा ८०.५२ टक्के लागला. कला शाखेतलं दर पाचवं मूल अडकलं. त्याच वर्षी कोल्हापूर विभाग ९३.६४ टक्क्यांसह कोकणाच्या खालोखाल राज्यात दुसरा आला, पण विभागाच्या अशा सरासरीत कला शाखेचं दुखणं दिसत नाही. दहावीला कमी गुण पडले की ‘आर्ट्सला टाक’ हा सल्ला ठरलेला. म्हणजे ज्यांना सर्वांत जास्त शिकवण्याची गरज, अशी मुलं एका शाखेत गोळा होतात, आणि सर्वांत कमी लक्ष त्याच शाखेकडे दिलं जातं. यातल्या बहुतेक मुलांना पुढे सीईटीची दुसरी शिडी नसते. पदवीचा प्रवेश आणि भरतीची पात्रता, दोन्ही ठिकाणी ही गुणपत्रिकाच त्यांच्या हातात असते.

सातारा-सांगलीच्या गावांत भरती हा शब्द घरोघरी आहे. पोलीस शिपाई पदाला बारावी उत्तीर्ण लागतं. सैन्यात अग्निवीर जनरल ड्युटीला दहावी पुरते, पण लिपिक-भांडारपाल गटाला बारावीला एकूण ६० टक्के आणि शिवाय प्रत्येक विषयात किमान ५० हवेत. इथे टक्केवारीची मर्यादा उघडी पडते. ७२ टक्के मिळवलेला, पण इंग्रजीत ४६ वर थांबलेला मुलगा या गटाला अपात्र ठरतो. ६१ टक्क्यांचा, सगळ्या विषयांत पन्नाशी गाठलेला मुलगा पात्र ठरतो. पहाटे माळावर धावणाऱ्या मुलाला हे अकरावीतच सांगायला हवं. निकालानंतर कळून उपयोग नाही.

बाहेरचे दाखले

खानापूर, आटपाडी, कडेगाव हा गलाई व्यवसायाचा पट्टा. सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात इथली माणसं देशभर पांगली आहेत. मुलं परमुलखात शिकतात आणि कधी आजी-आजोबांजवळ गावी परत येतात. येताना दुसऱ्या मंडळाची गुणपत्रिका आणतात, आणि मग शाळेतल्या क्लार्कपुढे प्रश्न उभा राहतो.

कारण प्रत्येक मंडळाचं मोजमाप वेगळं. केरळच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर गुण नसतात, ए प्लस पासून खाली श्रेणी असतात. सीबीएसईच्या बारावीला ३३ टक्क्यांवर उत्तीर्ण होता येतं, पण लेखी आणि प्रात्यक्षिकात वेगवेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं. तिथली श्रेणी सापेक्ष असते : विषयात उत्तीर्ण झालेल्यांपैकी वरच्या एक अष्टमांश मुलांना ए-वन, पुढच्या एक अष्टमांशाला ए-टू. त्यामुळे ९० गुणांना एका विषयात ए-वन मिळेल, दुसऱ्यात नाही. म्हणून एका मंडळाचे ८० आणि दुसऱ्याचे ८० शेजारी ठेवून तुलना करणं चुकीचं.

पालकांनी एवढं करावं : मंडळ सोडताना शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर स्थलांतर प्रमाणपत्र घ्यावं आणि मूळ गुणपत्रिका जपून ठेवावी. २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला आहे. आता कागदांची जुळणी गावच्या कॉलेजच्या ओळखीवर भागत नाही.

गुण की श्रेणी?

गुणांऐवजी श्रेणी द्यावी का, हा वाद जुना आहे. श्रेणीमुळे ८४ आणि ८५ मधली निरर्थक स्पर्धा संपते, हे खरं. राज्य मंडळाने गुणवत्ता यादी लावणं केव्हाच थांबवलं, तेही याच विचाराने, आणि ते योग्यच झालं. पण प्रवेशाच्या जागा मोजक्या असतील तर श्रेणी देऊनही स्पर्धा संपत नाही, ती दुसऱ्या परीक्षेकडे सरकते. आणि दुसरी परीक्षा म्हणजे दुसरी फी, दुसरं केंद्र, दुसरा क्लास. त्याचा भार गावातल्या मुलावर जास्त पडतो.

केंद्राच्या ‘परख’ या संस्थेने २०२४ मध्ये वेगळी वाट सुचवली. बारावीच्या अंतिम निकालात नववीचे १५, दहावीचे २०, अकरावीचे २५ आणि बारावीचे ४० टक्के धरावेत. एका परीक्षेचा, एका तापाचा, घरातल्या एका संकटाचा भार कमी करणारी ही कल्पना मला मनापासून पटते. पण अंतर्गत गुण सरसकट वाटण्याची सवय कायम ठेवून ही योजना आणली, तर २०२१ चीच पुनरावृत्ती होईल. आधी नोंद खरी व्हायला हवी, वजन नंतर ठरवता येईल.

परतीच्या वाटा

आपल्या परीक्षापद्धतीवर टीका पुष्कळ होते, पण तिचा एक गुण फारसा बोलला जात नाही. ती मुलाला परत येऊ देते. विषय राहिला तर जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते. त्यामुळे वर्ष वाचू शकतं. गुण कमी पडले तर श्रेणीसुधार योजनेतून पुन्हा बसता येतं. गुणांबद्दल शंका असेल तर गुणपडताळणी करता येते. बेरीज चुकली का, एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, हे तीत पाहिलं जातं. उत्तर पुन्हा तपासून हवं असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते, मग पुनर्मूल्यांकनाचा अर्ज. मुदती अगदी थोड्या दिवसांच्या असतात आणि शुल्क विषयवार असतं, म्हणून छायाप्रत आल्याबरोबर ती विषयाच्या शिक्षकांना दाखवून मगच निर्णय घ्यावा. गुणपत्रिका हरवली तर मंडळाकडून दुय्यम प्रत मिळते, आणि डिजिलॉकरवरही गुणपत्रिका उपलब्ध असते.

सर्वांत मोलाची वाट म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म. शाळा सुटलेली, लग्न होऊन आलेली, कारखान्यावर किंवा गलाईच्या दुकानात कामाला लागलेली व्यक्ती हा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसू शकते. आपल्याकडे असं उशिरा परीक्षेला बसणं कमीपणाचं समजलं जातं. हा समज मोडायला देवराष्ट्र्याचंच उदाहरण पुरे आहे. यशवंतराव चव्हाण १९३२ मध्ये स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले, सुटल्यावर पुन्हा शाळेत बसले आणि १९३४ मध्ये, एकविसाव्या वर्षी मॅट्रिक झाले. उशिरा मिळालेल्या त्या प्रमाणपत्राने त्यांच्या पुढच्या वाटेत काही कमी केलं नाही.

काय करता येईल?

या आढाव्यातून मला चार गोष्टी निघताना दिसतात. पहिली, प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाने अकरावीच्या पहिल्या महिन्यात पालकांना बोलावून गुणपत्रिका कशी वाचायची हे सांगावं : कोणत्या वाटेला कोणत्या विषयात किती लागतात, टक्के आणि पर्सेंटाइल यांत काय फरक, राहिलेला विषय कसा सोडवायचा. दुसरी, वीस गुण खऱ्या कामावर द्यावेत, आणि प्रकल्पांचे काही नमुने दुसऱ्या कॉलेजच्या शिक्षकांनी तपासावेत. लेखी पेपरांना नियामक असतो, मग प्रकल्पांना का नको? तिसरी, कला शाखेच्या इंग्रजीसाठी वर्षाच्या सुरुवातीपासून जादा तास घ्यावेत, परीक्षेच्या तोंडावर घेऊन भागत नाही. चौथी, निकालानंतरच्या आठवड्यात प्रत्येक कॉलेजने नापास झालेल्या मुलाच्या घरी निरोप पाठवावा आणि पुरवणीचा अर्ज भरून घ्यावा. पेढे देणारी मुलं आपणहून कॉलेजात येतात. जी येत नाहीत, त्यांच्यापर्यंत कॉलेजने जायला हवं.

आणि घराघरांत विचारला जाणारा प्रश्नही बदलावा. ‘किती पडले’ याच्या पुढे जाऊन कोणत्या विषयात काय आलं, काय राहिलं आणि आता पुढे काय करायचं, हे आई-वडिलांनी मुलाजवळ बसून, गुणपत्रिकेच्या सहाही ओळी वाचत विचारावं. निर्णय त्या ओळींवरून घ्यायचे असतात, खालच्या बेरजेवरून नव्हे.